केसभर

आडगाव नाक्यापलीकडच्या यार्डात
ती उभी होती डाव्या अंगाला कलून,
ओझं उतरल्यावरही हमाल
एक खांदा पाडून उभा राहतो, तशी.
सहाचाकी. दोन हजार नऊचं मॉडेल.
मागच्या फाळक्याला भोक, भोकात गवत,
गवताला बारीक पिवळं फूल.
मनजितसिंग म्हणाला, फुलाचे पैसे लावलेले नाहीत.

साडेतीन लाख. मी सव्वातीन म्हणालो.
चहा आला. चहा संपला.
सव्वातीनवर पाच हजार.
सातपूरला कंपनीनं दार लावताना
हातावर जे ठेवलं होतं
त्यातलं एवढं एका सहीत गेलं.

प्रमिला म्हणाली, बत्तीस वर्षं एका जागी उभं राहून
लेथ फिरवला, आता गाडी फिरवणार म्हणे.
तिनं कागद पाहिले.
पासिंग संपलेलं. हरित कर थकलेला.
विमा... चष्मा पुसून पुन्हा पाहिलं... विमाही नाही.
"मग आहे काय?"
चेसिस सरळ आहे, मी म्हणालो.
ते वाक्य आमच्या दोघांत बराच वेळ
पान्यासारखं पडून राहिलं.

लतीफ मिस्त्रीनं इंजिन सुरू करून
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरली,
टोक टॅपेट कव्हरवर,
डोळे मिटले,
आणि तिसऱ्या सिलिंडरचं नाव घेतलं
घरातल्या वाया गेलेल्या पोराचं घ्यावं तसं.
मी व्हर्निअर काढला.
"ठेवा काका, धूळ बसेल त्याच्यावर."

रेडिएटरमधून गाळ निघाला दीड बादली.
चांदवडच्या टाकीचा, धुळ्याच्या ढाब्याचा,
कुठल्या कुठल्या नाल्यांचा, एकजीव झालेला.
लायनर, पिस्टन, रिंगा.
सहा नोझल. पंप द्वारकेला टाकला.
कमानीचे दोन पाटे तुटलेले,
तिसरा विचार करतोय, असं लतीफचं म्हणणं.
वहीत मी तिसराही लिहिला.

किंगपिनच्या बुशापाशी काम अडलं.
भोक झिजून इतकं मोठं झालेलं
की बाजारातलं बुश त्यात बोराच्या बीसारखं खुळखुळे.
अंबडला भामरेच्या शेडमध्ये
रात्री नवानंतर लेथ मोकळा असतो.
गनमेटलचा तुकडा चकात धरला, तीन वर्षांनी.
पहिल्याच कटला पिवळा भुगा
सदऱ्यावर, मिशीवर,
हळद लागल्यासारखा.
गुडघे कुरकुरत होते, हातांना काहीच सांगावं लागलं नाही.
मायक्रोमीटर म्हणाला, बरोबर.
पुन्हा लावला. बरोबर.

सकाळी लतीफनं बुश घेतलं,
आतून अंगठा फिरवला.
"केसभर घट्ट आहे."
बत्तीस वर्षांत माझं माप कुणी परत केलं नव्हतं,
(इन्स्पेक्शनचा देवरे सोडून. त्याचं काय, तो कुणालाच सोडत नसे.)
मी म्हणालो, अरे, मायक्रोमीटरनं...
"त्याला ग्रीस माहीत नसतं, काका.
कसाऱ्याचा उतारही."
आणि पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून
दोनदा फिरवला. दोनदाच.
बुश बसलं. मी हातोडी मागितली होती,
ती माझ्याच हातात राहिली.

पेंटर विचारत होता, मागं काय लिहू, एखादा शेर?
मला काही सुचेना.
प्रमिला डबा घेऊन आलेली, म्हणाली,
नंबर लिही. वाचता येईल असा लिही.

पेठ रोडला पासिंग झालं दुसऱ्या खेपेला.
पहिलं भाडं: पिंपळगावला रिकामे क्रेट,
वजन नावालाच, आवाज मात्र वरातीचा.
मी क्लीनरच्या जागेवर, मांडीवर पाण्याचा कॅन.
यार्डावरून जाताना मनजितसिंग दिसला नाही,
तरी मी हात केला.
अजून ती थोडी डावीकडं कलते.
पाटे नवे आहेत. सवय जुनी असेल.

ओझरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तेव्हा
चिंधू ड्रायव्हर म्हणाला, बघा,
आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले.
एक.
दोन.
अडीच.
पांढरी पट्टी होती तिथंच होती.
मग धरलं त्यानं.

प्रमिलाला हे अजून सांगितलेलं नाही.